पानाची साक्ष कितपत धरायची?

“हवामान तर कायमच बदलत आलंय.” फॅमिली ग्रुपवर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, एखाद्या रीलखालच्या कॉमेंट्समध्ये हे वाक्य तुमच्याही वाट्याला आलं असेल. बोलणाऱ्याचा सूर साधारण ठरलेला असतो. पृथ्वी पूर्वीही तापली होती, तेव्हा कुठे होत्या गाड्या आणि कारखाने? मग आत्ताच एवढा गहजब कशाला?

वाक्य खरं आहे. पण ते खरं आहे हे आपल्याला कळलं कुठून? थर्मामीटर येऊन जेमतेम चार शतकं झाली. हवेतला कार्बन डायऑक्साइड सलग मोजायला सुरुवात झाली ती 1958 साली, हवाई बेटांवरच्या मौना लोआला. त्याआधीच्या कोट्यवधी वर्षांचा हिशेब कुणी लिहून ठेवला? ज्या ज्या वस्तूंनी तो ठेवला, त्यांतली एक म्हणजे झाडाचं पान. चिखलात पडलेलं, दडपलेलं, दगड झालेलं. म्हणजे वरचं वाक्य फॉरवर्ड करणारा माणूस स्वतःच्या नकळत पुरावनस्पतिशास्त्रावर विश्वास ठेवत असतो. फक्त ती साक्ष तो अर्धीच ऐकतो.

पूर्ण साक्ष ऐकायची तर कुठून सुरुवात करावी, असं कुणी विचारलं तर मी डेव्हिड बीअरलिंग यांच्या ‘द एमराल्ड प्लॅनेट’चं नाव घेतो. 2007 साली ऑक्सफर्डने काढलेलं हे पुस्तक इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहिलं आहे. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, वनस्पतिशास्त्राशी संबंध बारावीला तुटलेला. तरी हे पुस्तक मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा भारावून, दुसऱ्यांदा भांडत. हा लेख त्या भांडणाबद्दल आहे.

पानं उशिरा का आली?

आधी भारावण्याचं कारण. जमिनीवर आलेल्या पहिल्या झाडांना पानं नव्हती. हिरव्या काड्या होत्या, त्यांना फाटे फुटायचे, आणि टोकाला बीजाणूंच्या पिशव्या असायच्या. रुंद, पसरट पानं सर्रास दिसायला लागेपर्यंत साधारण 4 कोटी वर्षं गेली. सूर्यप्रकाश गोळा करायला पान ही इतकी उघड सोय आहे की एवढा उशीर का झाला, हे कोडंच आहे.

बीअरलिंग यांचं उत्तर सुंदर आहे. पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाणी बाफ होऊन बाहेर जातं. हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल तर थोड्या छिद्रांत भागतं, आणि पाणीही वाचतं. सुरुवातीच्या झाडांच्या काळात तो भरपूर होता, म्हणून रंध्रं तुरळक होती. पण माणसाला जसा घाम, तशी पानाला ही बाफ. रंध्रं कमी म्हणजे पान थंड राहण्याची सोय कमी. अशा झाडाला मोठं पान फुटलं असतं तर ते उन्हात भाजून निघालं असतं. पुढे डेव्होनियन काळात कार्बन डायऑक्साइड जोरात घसरला, रंध्रांची संख्या वाढली, आणि मग मोठं पान परवडायला लागलं.

यात माझ्यासारख्याला काय आवडतं? एकच बारीक छिद्र, आणि त्यातून झाडाचा आकार, हवेची घडण, उन्हाचा ताप असे तीन धागे एकाच वेळी ओवले जातात. तज्ज्ञ नसलेल्या वाचकाला ही साखळी कडी कडी करून हातात देणं सोपं नाही. बीअरलिंग ते देतात, आणि वाचकाला लहान मूल न समजता देतात.

आर्क्टिकची झाडं शेफील्डला

पुस्तकातला सर्वांत भक्कम भाग ध्रुवीय जंगलांचा. आज जिथे बर्फ आहे तिथे कधीकाळी दाट जंगलं होती. कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या अ‍ॅक्सेल हायबर्ग बेटावर साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे बुंधे अजून उभे आहेत. हवा उबदार होती हे मान्य केलं, तरी अंधाराचं काय? ध्रुवाजवळ हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य उगवत नाही, आणि तो तेव्हाही उगवत नव्हता.

यावर शास्त्रज्ञांचं एक जुनं उत्तर होतं. ही झाडं पानझडी होती. उबदार अंधारात पानं ठेवली तर ती श्वसनात साठवणीचं अन्न जाळत बसतील, त्यापेक्षा गाळून टाकलेली बरी. तर्क इतका पटण्यासारखा, की तो कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत टिकला.

बीअरलिंग आणि त्यांचे सहकारी डेना रॉयर आणि कॉलिन ऑस्बर्न यांनी हा तर्क करून पाहिला. जिंको, मेटासेक्वोया अशा त्या जंगलांच्या आज जिवंत असलेल्या नातलगांना त्यांनी ध्रुवीय उजेड-अंधाराच्या वेळापत्रकात वाढवलं. काही झाडांना नेहमीची हवा दिली, काहींना जास्त कार्बन डायऑक्साइडची. सोबत सदाहरित झाडंही होती. हिशेब केल्यावर उलटंच निघालं. सदाहरित झाड अंधारात पानं सांभाळताना जेवढा कार्बन गमावतं, त्याच्या कितीतरी पट जास्त कार्बन पानझडी झाड पानं गाळून गमावतं. निष्कर्ष 2003 साली ‘नेचर’मध्ये आला.

मग त्या जंगलांत पानझडी झाडं एवढी का होती? प्रयोगाने हा प्रश्न सोडवला नाही. तो पुन्हा उघडला. आणि बीअरलिंग इथे फार बारकाईने लिहितात. आपल्याला काय कळलं आणि काय कळलं नाही, यातली रेघ ते पुसू देत नाहीत. जीवाश्म एकटा बोलत नाही, त्याला जिवंत झाडासमोर उभं करून प्रश्न विचारावे लागतात, हा पुस्तकाचा खरा मुद्दा मला इथे भेटला.

मोजपट्टी कुणाची?

आता भांडणाकडे येऊ. 20 कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक काळ संपून ज्युरासिक सुरू होताना, जीवसृष्टीचा मोठा संहार झाला. पूर्व ग्रीनलंडमध्ये त्या काळातल्या पानांचे थरच्या थर आहेत. टॉम हॅरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1926-27 मध्ये तिथे हिवाळा काढून ती गोळा केली. पुढे जेनिफर मॅकेलवेन, बीअरलिंग आणि इयान वुडवर्ड यांनी ग्रीनलंड आणि स्वीडनमधल्या अशा पानांवरची रंध्रं मोजली. रंध्रं झपाट्याने कमी झालेली दिसली. यावरून 1999 साली त्यांनी मांडलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत 600 च्या आसपास होता, तो 2100 ते 2400 पर्यंत चढला, आणि पृथ्वी 3 ते 4 अंशांनी तापली. मोठ्या पानांची झाडं आधी गेली, बारीक पानांची तगली. पानं उशिरा येण्यामागचं कारण इथे उलट्या दिशेने काम करताना दिसतं.

कथा म्हणून हे थक्क करणारं आहे. पण मी रोज ज्या आकड्यांबरोबर काम करतो ते सेन्सरमधून येतात, आणि सेन्सरबद्दल पहिला प्रश्न असतो तो कॅलिब्रेशनचा. 2100 हा आकडा पानावर छापलेला नसतो. पानावर असतात छिद्रं. छिद्रांचा आकडा करायला मोजपट्टी लागते आणि ती आजच्या झाडांवरून घ्यावी लागते. ग्रीनलंडची ती झाडं नामशेष झाली आहेत. म्हणून दिसायला आणि राहायला त्यांच्यासारखं आजचं झाड निवडायचं, आणि त्याच्या रंध्रांशी तुलना करायची. निवड बदलली की आकडाही हलतो.

दुसरी अडचण. कार्बन डायऑक्साइड कमी असताना रंध्रं त्याला चांगला प्रतिसाद देतात. तो फार वाढला की प्रतिसाद मंदावतो. भरत आलेल्या बाटलीत अजून किती मावेल, हे बाहेरून सांगणं जसं कठीण, तसंच. म्हणजे नेमक्या ज्या टोकाच्या काळाबद्दल आपल्याला कुतूहल आहे, तिथेच ही मोजपट्टी बोथट होते. तिसरी अडचण, त्या संहाराच्या वेळी प्रचंड ज्वालामुखी भडकले होते आणि ज्वालामुखी फक्त कार्बन डायऑक्साइड ओकत नाही. सल्फर डायऑक्साइडही पानावर खुणा ठेवतो, हे ग्रीनलंडच्याच पानांवर पुढे झालेल्या कामाने दाखवलं आहे.

यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही. कार्बन डायऑक्साइड वाढला, पृथ्वी तापली, ही दिशा पक्की आहे आणि इतर पुरावेही तिकडेच बोट दाखवतात. पण दिशा पक्की असणं वेगळं आणि आकडा पक्का असणं वेगळं. ध्रुवीय जंगलांच्या प्रकरणात ही रेघ जेवढी ठळक आहे, तेवढी ती इथे राहत नाही. कथेचा वेग वाढतो, डायनासोर येतात, आणि आकडा मागे शिल्लक राहतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या शक्यतांशिवाय.

याचं एक कारण मला पुस्तकाच्या रचनेतच दिसतं. पानांचं कोडं, ग्रीनलंडची पानं, ध्रुवीय झाडं या तिन्ही संशोधनांत बीअरलिंग स्वतः सहभागी आहेत. ज्याने पुरावा गोळा केला तोच इथे वकील आहे आणि तोच न्यायाधीश. शास्त्रज्ञाने स्वतःच्या कामावर लिहावंच, त्याशिवाय प्रयोगाचा असा आतला तपशील मिळणार नाही. पण प्रयोगशाळेच्या बाहेरच्या, न पटलेल्या माणसाचा आवाज अशा पुस्तकात मुद्दाम आणावा लागतो. तो मला कमी पडला. पर्मियन संहाराच्या वेळी ओझोनचा थर फाटला का, या प्रकरणाच्या शीर्षकाला बीअरलिंग प्रश्नचिन्ह देतात. डायनासोरांचं युग जागतिक तापमानवाढीने आणलं, हे सांगणाऱ्या प्रकरणाच्या शीर्षकाला ते नाही. मला ते दोन्हीकडे हवं होतं.

कामठी, मोहगाव आणि सरकणारी जमीन

मी नागपूरचा. त्यामुळे अंटार्क्टिकाच्या जंगलांबद्दल वाचताना मन सारखं घराकडे जात होतं. रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे साथीदार 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मेले. त्यांच्या मृतदेहांजवळ साधारण 16 किलो दगड सापडले. जीव जायची वेळ आली तरी ते त्यांनी टाकले नव्हते. त्यांत पानांचे ठसे होते. केंब्रिजच्या आल्बर्ट सीवर्ड यांनी 1914 मध्ये ते ओळखले. ग्लॉसोप्टेरिस इंडिका. नावातच हिंदुस्थान. कारण हेच पान भारतातल्या कोळशाच्या थरांतून आधीच माहीत होतं. आमच्या नागपूर-कामठीच्या दगडांतली ग्लॉसोप्टेरिसची पानं मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच गोळा केली होती. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

आता फक्त पान बघून हवामान सांगायचं म्हटलं तर कामठीचं पान काय सांगेल? ते जिथे वाढलं ती जमीन तेव्हा आजच्या जागी नव्हतीच. ती गोंडवनाचा भाग होती, विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला, अंटार्क्टिकाला लागून. म्हणजे पानातला बदल हवामानाचा की जमिनीच्या प्रवासाचा, हे आधी सोडवावं लागतं. भारतीय जीवाश्म वाचणाऱ्याला ही गाठ पदोपदी सोडवावी लागते.

याचा धडा बिरबल साहनींच्या कामात मिळतो. साहनी हे सीवर्ड यांचे विद्यार्थी, भारतीय पुरावनस्पतिशास्त्राचा पाया घालणारे. नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलां नावाचं गाव आहे. दख्खनच्या लाव्हाचे दोन लोंढे येण्याच्या मधल्या शांत काळात तिथे तळी होती, झाडं होती. ती सिलिकात इतकी नीट जपली गेली की फळाच्या पेशीसुद्धा दिसतात. तिथे निपा पामचं फळ सापडलं. निपा आज सुंदरबनात, अंदमानात, खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतो. मग मध्य भारतात खाडी होती? पण त्याच प्रकारच्या थरांत अझोलाही मिळतं, आणि अझोला म्हणजे गोड्या पाण्यावर तरंगणारं, आज भातखाचरात सोडतात ते. एक साक्षीदार समुद्राकडे बोट दाखवतो, दुसरा तळ्याकडे.

साहनींनी या वनस्पतींवरून आणखी मोठा दावा केला. पामसारखी इतकी ‘आधुनिक’ झाडं या थरांत आहेत, तर दख्खनचा लाव्हा क्रिटेशियस काळातला नसून त्यानंतरचा, इओसीनचा असावा. पुढे खडकांचं वय किरणोत्सर्गी पद्धतीने मोजलं गेलं. लाव्हाचा मोठा भाग 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपासचा निघाला, म्हणजे क्रिटेशियसच्या अगदी शेवटाच्या आजूबाजूचा. इओसीन सुरू झाला 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. लाव्हा काही लोक समजत होते तेवढा जुना नाही, ही साहनींची शंका योग्य होती. त्यांनी दिलेला आकडा मात्र कोटभर वर्षांनी सरकला.

यात साहनी लहान होत नाहीत. 1949 च्या एप्रिलमध्ये लखनौच्या त्यांच्या संस्थेची कोनशिला नेहरूंच्या हस्ते बसली, तिच्यात जीवाश्म जडवलेले आहेत. त्यानंतर आठवड्याभरात साहनी गेले. पण त्यांचा पुरावा दगडातच होता, म्हणून तो पुन्हा तपासता आला. वनस्पती घड्याळ म्हणून चुकल्या तरी परिसराच्या साक्षीदार म्हणून टिकल्या.

बीअरलिंग यांचं पुस्तक यशाच्या कथांचं आहे. कोडं, साहस, प्रयोग, उकल. मोहगावसारखी, दोन साक्षीदार एकमेकांना छेद देणारी कथा त्या साच्यात बसत नाही. पण हे शास्त्र विश्वासार्ह का आहे, हे अशाच कथेतून जास्त कळतं. तिथे चूक कशी पकडली जाते ते दिसतं.

आंबा आणि कडुनिंब

किती विश्वास ठेवायचा, याचं सोपं उदाहरण देतो. आंबा, वड, फणस यांच्या पानांची कड गुळगुळीत असते. गुलाबाची, जास्वंदीची दातेरी. अमेरिकेतल्या बेली आणि सिनॉट यांनी 1915 च्या सुमारास दाखवलं की उष्ण प्रदेशात गुळगुळीत कडांच्या झाडांचं प्रमाण जास्त असतं. पुढे पूर्व आशियातल्या जंगलांवरून याचं समीकरण बसवलं गेलं. गुळगुळीत कडांच्या जातींचं प्रमाण गुणिले 30.6, अधिक 1.14, की वार्षिक सरासरी तापमान हातात. 60 टक्के जाती गुळगुळीत असतील तर साधारण साडेएकोणीस अंश.

कोडच्या एका ओळीत मावेल असं हे समीकरण. पण आमच्या विदर्भाच्या उन्हात ऐन मे महिन्यात हिरवागार असतो तो कडुनिंब, आणि त्याची पानं दातेरी. एका पानावरून काही सांगता येत नाही, अख्ख्या जंगलावरून सांगता येतं. तेही दोन-चार अंश इकडेतिकडे धरून. शिवाय जीवाश्म बनतात ते पाण्याकाठी, आणि पाण्याकाठच्या झाडांत दातेरी जास्त असतात. म्हणजे आकडा थंडीकडे झुकू शकतो. ज्याला हे माहीत आहे तो समीकरण वापरू शकतो. ज्याला माहीत नाही तो फक्त ते फॉरवर्ड करू शकतो.

अर्धी साक्ष

“हवामान कायमच बदलत आलंय” म्हणणाऱ्याला शास्त्रातल्या या फटी कळल्या, तर तो लगेच म्हणेल, बघा, त्यांनाच नक्की माहीत नाही. बहुधा या भीतीनेच लोकप्रिय विज्ञान लिहिणारे फटी झाकतात. मला ते धोरण चुकीचं वाटतं. झाकलेली फट विरोधकाने दाखवली तर अख्खी भिंत पडल्यासारखी वाटते. लेखकाने आधीच दाखवली तर भिंत किती जाड आहे तेही दिसतं.

आणि ती जाड आहे. रंध्रांची मोजपट्टी टोकाच्या काळात बोथट असली तरी आपल्या काळात चांगली धारदार आहे. वुडवर्ड यांनीच 1987 साली केंब्रिजच्या जुन्या संग्रहांत चिकटवून ठेवलेली पानं तपासली. औद्योगिक क्रांतीआधीची पानं आणि आताची पानं, त्याच जातींची. 200 वर्षांत रंध्रांची घनता सुमारे 40 टक्क्यांनी घटली होती. इथे नामशेष झाडाचा नातलग शोधायची गरज नाही, खंड सरकायचा प्रश्न नाही. तेव्हा हवेत दशलक्ष भागांत 280 च्या आसपास कार्बन डायऑक्साइड होता, आज 420 च्या वर आहे. हे वाढीव प्रमाण मुख्यतः आपण जाळलेल्या इंधनातून आलं. त्यात विदर्भाचा दगडी कोळसाही आहे. पर्मियन काळातला, 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचा, ग्लॉसोप्टेरिसच्या जंगलांचा. स्कॉट यांच्या दगडांत ज्या पानाचा ठसा होता, त्याचेच नातलग कोराडीच्या चिमणीतून धूर होऊन निघतात आणि आजच्या पानांवरची रंध्रं कमी करतात.

तर पूर्वी गाड्या-कारखाने नसतानाही पृथ्वी तापली होती, हे पानं सांगतात. त्या त्या वेळी कार्बन डायऑक्साइड वाढला होता, हेही तीच पानं सांगतात. आणि तो झपाट्याने वाढला तेव्हा ग्रीनलंडच्या जंगलातली बहुतेक झाडं बदलली, हेही. पहिलं वाक्य मान्य करायचं आणि पुढची दोन सोडून द्यायची, असं एकाच साक्षीदाराबाबत करता येत नाही.

‘द एमराल्ड प्लॅनेट’ जरूर वाचा. पण पहिल्या पानापासून नको. आधी ध्रुवीय जंगलांचं प्रकरण वाचा, चांगला पुरावा कसा दिसतो ते कळेल. मग पानांच्या कोड्याचं. आणि डायनासोरांच्या प्रकरणाला हात घालाल तेव्हा पेन्सिल जवळ ठेवा. जिथे नुसता एकच आकडा दिसेल तिथे समासात लिहा, ‘अधिक-उणे किती?’